जुने वतन आणि नवे यंत्र

(कासुर्डी, ता. दौंड येथे पौर्णिमेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



नव्या यंत्रांनी आपली संस्कृती, आपले काम आणि आपले मन यांवर काय परिणाम केला, यावर बोलावे असे आपल्या मंडळींनी मला कळविले. विषय मोठा आहे आणि मी यंत्रशास्त्रज्ञ नाही, वकील आहे. वकिलाला एक सवय जडलेली असते. नवी वस्तू समोर आली की तिची चमक पाहण्यापूर्वी तो विचारतो, ही कोणाच्या मालकीची, हिच्यावर ताबा कोणाचा, आणि हिच्यामुळे कोण कोणाशी बांधला जातो? आज मी मोबाईलकडे आणि त्याच्या भावंडांकडे याच दृष्टीने पाहणार आहे. आणि ते पाहण्यासाठी मला प्रथम आपल्याच वाडवडिलांच्या अंगणात जावे लागेल.

येथे पुढच्या रांगेत जे वृद्ध बसले आहेत त्यांनी लहानपणी महारकीचे शेवटचे दिवस पाहिले असतील; बाकीच्यांनी त्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. येसकराने वेस राखावी, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवावी, मयताची बातमी परगावी न्यावी, अंमलदार आला की त्याच्या पुढे धावावे, शीव सांभाळावी, आणि मेलेले ढोर ओढावे. या यादीत कोणते काम हलके व कोणते जड याची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. मला दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. या कामाला वेळ नव्हती. ते सकाळी अमुक वाजता सुरू होई आणि सायंकाळी संपे, असे नव्हते. हाक केव्हाही येई आणि हाकेला ओ द्यावीच लागे. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाने, भावाने, घरातील दुसऱ्या कोणी जावे, अशी रीत होती. नोकरी एका माणसाची, पण राबणूक सबंध कुटुंबाची! आणि मोबदला काय? सरकारकडून नाममात्र पैसे, गावाकडून दारोदार मागून आणलेले बलुते, आणि तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेलेली इनामाची जमीन. सरकारकडे गाऱ्हाणे नेले तर सरकारने गावाकडे बोट दाखवावे आणि गावाकडे नेले तर गावाने सरकारकडे.

पूज्य बाबासाहेबांनी हे सारे ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात विधेयक मांडले, ते या ठिकाणी आठवावे. कामाला मर्यादा नसणे, मोबदल्याची शाश्वती नसणे आणि धनी कोण याचा पत्ता नसणे, या तिन्ही गोष्टींवर त्यांचा रोख होता. ते विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. पुढे १९५८ च्या मुंबई कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. कायद्याने वतन गेले. परंतु वतनाचा साचा, म्हणजे वेळेचे बंधन नसलेली, मोबदल्याची शाश्वती नसलेली आणि धन्याचा पत्ता नसलेली चाकरी, समाजातून गेली काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

बाबासाहेब यंत्राचे वैरी नव्हते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कारण यंत्राविषयी शंका काढली की काही मंडळी लगेच चरख्याकडे वळतात. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू निःसंदिग्धपणे घेतली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पशूचे जीवन आणि माणसाचे जीवन यांतील अंतर संस्कृतीचे आहे, संस्कृतीला फुरसत लागते, आणि श्रमणाऱ्या माणसाला फुरसत मिळवून देण्याचे साधन यंत्राखेरीज दुसरे नाही. यंत्रापासून जे अनर्थ होतात त्यांचा दोष यंत्राकडे जात नाही, ज्या समाजरचनेत खाजगी लाभ हाच पूज्य मानला जातो तिच्याकडे जातो. हा विचार त्यांनी केवळ लिहून ठेवला नाही. मजूर खात्याचे सभासद असताना १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती घडवून आणली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते सहा तास हे यंत्राचे देणे होते. कायद्याने ते मालकाच्या हातून काढून मजुराच्या हाती दिले. कायद्यावाचून यंत्र वाचवलेली वेळ कोणाच्या पदरात घालते, हे सांगावयास नको. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे त्यावर सांगितले जाते. येथून कुरकुंभ किंवा रांजणगावच्या वसाहतीत कामाला जाणाऱ्यांनी घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंतचे तास मोजावेत आणि मग मुलांच्या वाट्याला बापाची किती वेळ उरते ते पाहावे.

आता आपल्या हातातल्या यंत्राकडे येतो.

काही महिन्यांपूर्वी याच भागातला एक पदवीधर तरुण माझ्याकडे आला. तो पुण्यात राहतो आणि मोबाईलवरून मिळणाऱ्या कामावर घरोघर सामान पोचवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाईल त्याचा. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. एके सकाळी त्याचे खाते बंद झालेले आढळले. एका ग्राहकाची तक्रार होती म्हणे. कोणती, हे कळले नाही. त्याने मदतीच्या क्रमांकावर विचारले, तेथे ठरीव उत्तरे देणारे यंत्र होते. मी सारी कागदपत्रे, म्हणजे मोबाईलमधील चित्रे, पाहिली. त्याने मला विचारले, “साहेब, ज्याने मला काढले त्याचे नाव काय?” मला उत्तर देता आले नाही. वतनदार महाराला निदान पाटलाचे नाव ठाऊक असे!

हे साम्य मी ओढूनताणून आणीत आहे, असे कोणी म्हणेल. तेव्हा फरकही प्रामाणिकपणे सांगतो, आणि फरक लहान नाही. वतन जन्माने चिकटे. हे काम तो तरुण स्वतः पत्करतो आणि सोडू शकतो. वतनाने माणूस गावाला बांधला जाई. या यंत्राने तो गावाबाहेर पडला. आणखी एक गोष्ट मी शहरात रोज पाहतो आणि मला ती फार मोठी वाटते. ज्यांच्या आजोबांच्या हातचे पाणी विटाळ मानले जाई, त्यांचे नातू घराघरांत शिजलेले अन्न पोचवतात आणि दार उघडणारा जात न विचारता ते हातात घेतो. हे परिवर्तन कोणा धर्ममार्तंडाने घडविलेले नाही, ते भूक आणि यंत्र यांनी मिळून घडविले. अर्थात जुना संस्कार तेथेही डोके वर काढतोच. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या कंपनीने केवळ शाकाहारी अन्न नेणाऱ्यांचा निराळा ताफा आणि त्याला हिरवा गणवेश जाहीर केला. टीका होताच दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला गेला. निराळा ताफा मात्र राहिला. कोणाच्या पेटीत काय आहे यावरून कोणाला कोणत्या दारात येऊ द्यावे हे ठरू लागले, तर ती वाट कोठे जाते हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याचे म्हणाल तर स्थिती अशी आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज केला होता की २०२०-२१ साली असे कामगार देशात ७७ लक्ष होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लक्ष होतील. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तिने या कामगारांचे नाव कायद्याच्या पुस्तकात प्रथमच घातले. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, इतका भाग त्यांच्या सुरक्षेच्या निधीत द्यावयाचा आहे. हे चांगले झाले. पण त्याच संहितेत त्यांची व्याख्या मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारे अशी केली आहे. त्या नात्याबाहेर ठेवल्यामुळे किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही, आणि काढून टाकताना कारण दाखविण्याचे नोकराला मिळणारे संरक्षण नाही. म्हणजे अपघात झाला तर थोडेफार हाती पडेल; पण हाक किती वाजता यावी यावर कायदा गप्प आहे. ज्यांची मुले या कामात आहेत त्यांनी त्यांची नावे ई-श्रम नोंदणीत घालून घ्यावीत. नोंद नाही त्याला निधीही नाही.

त्या तरुणाने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती कायद्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून मी टिपून ठेवली नव्हती, पण ती मनातून जात नाही. खाते बंद झाल्यावरही रात्री दोन-तीनदा तो दचकून उठतो. मोबाईल वाजल्याचा त्याला भास होतो. मोबाईल वाजलेला नसतो.

हाकेची वाट पाहणाऱ्या माणसाचे मन त्याचे स्वतःचे राहत नाही. वतनात हाच सर्वांत खोल घाव होता, असे मला वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मनाला सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. आपण धम्मात आलो ते या मनाचा ताबा परत मिळविण्यासाठी. आणि येथे मला पाचव्या शीलाची आठवण होते. दारू वर्ज्य करताना त्या शीलात कारणही सांगितलेले आहे : ती प्रमादाचे स्थान आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, स्वतःचे भान सुटणे. मोबाईल म्हणजे दारू असे मी म्हणत नाही; धम्माच्या नावाने नवी शीले रचण्याचा अधिकार मला नाही. परंतु कसोटी तीच लावता येते. आपल्या वाटणीची जी थोडी फुरसत आहे, जिच्यासाठी बाबासाहेबांनी कायदा केला, ती आपण कोठे घालवतो? रात्री अंथरुणावर पडून अंगठ्याने चित्रे सरकवण्यात दोन तास गेले, तर त्या दोन तासांचा मालक कोण? त्या चित्रांचा पुरवठा करणाऱ्याला आपल्या दोन तासांचे पैसे मिळतात. आपल्याला काय मिळते? मी स्वतःला यातून वगळीत नाही. खटल्याचे कागद समोर ठेवून मी अर्धा-अर्धा तास या पेटीत घालविला आहे.

मनाच्या आजाराची आपल्या वस्त्यांत फार लाज वाटते. भुताटकी म्हणतील, नाटके म्हणतील, देवर्षीकडे नेतील. डॉक्टरकडे नेणार नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे होऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि उपचार मिळणे हा त्याने हक्क ठरविला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि शिक्षणसंस्थांवर जबाबदाऱ्या टाकल्या. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ल्याची सोय केली आहे. ज्या मोबाईलने झोप उडविली त्याच मोबाईलवरून हा क्रमांक लावता येतो.

आता संस्कृतीकडे वळतो. आमच्या चळवळीचे यंत्राशी नाते जुने आहे. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला तो छापखान्याच्या जोरावर. पुढे जलसे आले, ध्वनिक्षेपक आला, तबकड्या व कॅसेटी आल्या. वामनदादा कर्डकांची गीते ज्या घरात एकालाही अक्षर येत नव्हते त्या घरात पोचली. आज बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन आणि भाषणे, जी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली, ती गोठ्यात बसलेल्या मुलाला हातातल्या पेटीत वाचता येतात. हे पाहून मला धन्य वाटते.

पण त्याच पेटीतून स्वाभिमानाचा सूर निघाला की काय होते? मे २०१५ मध्ये शिर्डी येथे नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाची हत्या झाली. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांचे गीत वाजले आणि त्यावरून वाद सुरू झाला, असे फिर्यादीत होते. पूर्वी आमच्या सावलीचा विटाळ होई. तेथे आमच्या मोबाईलच्या आवाजाचा झाला. यंत्र नवे, कान जुनेच!

आणि त्याच पेटीतून विषही पेरले जाते. येथून जवळच, यवत येथे, १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जाळपोळ आणि दगडफेक झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. १ जानेवारी २०१८ चे कोरेगाव भीमा आपण विसरलेलो नाही. मजकूर एका अंगठ्याने पुढे ढकलला जातो आणि त्याचे भोग भलत्याच घराला भोगावे लागतात. म्हणून माझी तरुणांना विनंती आहे की चिथावणीला चिथावणीने उत्तर देऊ नका, कायद्याने द्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. ‘सार्वजनिक दृष्टिक्षेपात’ जातीवरून अपमान करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि २०१६ पासून आपल्याला वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तींचा शब्दांनी किंवा अन्य साधनांनी अनादर करणे हाही गुन्हा आहे. समाजमाध्यम हे सार्वजनिक ठिकाण आहे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की अपमानित व्यक्ती तेथे देहाने हजर नसली तरी चालेल. तो मजकूर जितक्या वेळा पाहिला जातो तितक्या वेळा ती तेथे हजरच असते. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की केवळ व्यक्ती अनुसूचित जातीची आहे म्हणून तिचा प्रत्येक अपमान या कलमात बसत नाही. अपमान जातीच्या कारणाने झाला, असे दिसले पाहिजे. तेव्हा फिर्याद रागाने लिहू नका, शब्दशः लिहा. चित्र काढून ठेवा, तारीख व वेळ टिपा, मूळ मोबाईल जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडले नाही तर मोबाईलमधील चित्राची नक्कल न्यायालयात पुराव्यास चालत नाही. एवढ्याशा कागदावाचून खरे खटले पडलेले मी पाहिले आहेत.

एके ठिकाणी मात्र यंत्र हवे असून येत नाही, आणि त्याविषयी बोललो नाही तर माझे सारे भाषण खोटे ठरेल. याच पुणे-सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्ती येथे, मार्च २०२२ मध्ये मैल्याची टाकी साफ करताना चार माणसे मेली. हाताने मैला साफ करण्यास व तशा धोक्याच्या सफाईस मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लक्ष रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लक्ष रुपये भरपाई ठरविली. शोषून घेणारे पंप आहेत, गटारात उतरणारी यंत्रे आहेत, ती आपल्याच देशात बनतात. चंद्रावर यान उतरविणारा देश टाकीत माणूस का उतरवितो? कारण यंत्राला पैसे पडतात आणि ठराविक जातीचा माणूस स्वस्त मिळतो. ज्या कामात फुरसत जाते तेथे यंत्र धावत येते. ज्या कामात जीव जातो तेथे त्याची वाट पाहावी लागते. आपल्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, कारखान्यात टाकी कशी साफ होते हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तो लेखी बजावावा.

जमिनीविषयी थोडक्यात सांगतो, कारण वेळ झाली आहे. शिवेचा तंटा पडला की पूर्वी महाराची साक्ष घेत. आज शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून सुरू झालेली गावठाणाची मोजणी उडत्या यंत्राने होते आणि सात-बारा घरबसल्या निघतो. याचा पुरेपूर लाभ घ्या. वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने सरकारजमा होऊन नजराणा घेऊन पुन्हा वतनदारांकडे आल्या, त्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून केवढे वादळ उठले आणि चौकशी लागली ते आपण वाचले आहे. आपल्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, इतर हक्कात काय लिहिले आहे, हे पूर्वी तलाठ्याच्या दारात बसून कळत नसे. आता कळते. येथे कोणाकडे जुने वतनाचे कागद असतील, मोडीतले असले तरी, ते फेकू नका. पुढच्या पौर्णिमेला मी सकाळी दहापासून येथेच बसणार आहे. कागद आणि आजचा उतारा दोन्ही घेऊन या.

त्या तरुणाविषयी कोणी विचाराल म्हणून सांगतो. त्याच्या वतीने मी कंपनीला नोटीस पाठविली आहे. खाते बंद करण्याचे कारण आणि तो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव तीत मागितले आहे. गेल्या आठवड्यात पोचपावती आली. तिच्यावर कंपनीचा शिक्का आहे; सहीची जागा कोरी आहे. दुसरी नोटीस उद्या टपालात पडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!